काकवीतली कोंबडी

आबांनी पहिला घास घेतला, सावकाश चावला आणि म्हणाले, "चांगलंय." मग उरलेला भात कालवला, ताट पुसून स्वच्छ केलं, स्वतः उचलून सिंकमध्ये ठेवलं आणि हात धुऊन सोफ्यावर जाऊन बसले. धाकट्याने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला, कारण त्याचे सासरे, म्हणजे माझे वडील, अमेरिकेत येऊन काय खातील याची काळजी माझ्यापेक्षा त्यालाच जास्त होती. कोल्हापूरच्या माणसाने मध आणि सोया सॉसमध्ये शिजलेली गोड कोंबडी खाल्ली, वर तिला चांगलंही म्हटलं, आणखी काय पाहिजे? मी मात्र डिशवॉशर लावत होते आणि ते 'चांगलंय' काही केल्या डोक्यातून जात नव्हतं. उभ्या जन्मात आबांनी सामिष ताटाला चांगलं म्हटल्याचं मला आठवत नव्हतं.

आमच्या घरी रविवारचं मटण आबा करायचे आणि उरलेले सहा दिवस आईच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचे. ते शाळेत मराठी शिकवायचे. वह्या तपासायची सवय घरच्या ताटापर्यंत आली होती. "खोबरं भाजलंयस का नुसतं उन्हात ठिवलंवतंस?" "वांग्याचं काय चुकलं होतं गं?" "आज आमटीत डाळ घालायची राहिली वाटतं." आई म्हणायची, "उद्यापासून तुमचं तुम्ही करून खावा." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आम्हां भावंडांना त्यात भांडण कधी दिसलंच नाही, जेवताना पंख्याचा आवाज यायचा तसा तोही यायचा. रविवारी ताटं फिरायची. आबा पहाटे खाटकाकडे जाऊन रांगेत उभे राहायचे आणि बोट दाखवून सीना, चाप, नळी निवडून आणायचे. हळद-मीठ लावून मटण शिजलं की आम्हां पोरांना वाटीत गरम अळणी, म्हणजे त्या मटणाचं पाणी, मिळायची. तीच मग निम्मी पांढऱ्या रश्शाला, निम्मी तांबड्याला. आणि हे सगळं होईपर्यंत आबा चुलीपाशी. पुढे गॅस आला, कुकर आला, तरी माणूस जागचा हलला नाही. शिट्ट्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "शिट्टी वाफेची असती, मटणाची न्हाई," असं ते म्हणायचे. जेवायला बसल्यावर आई नावं ठेवायची आणि आबा खाटकावर ढकलायचे, आज बोकड म्हातारं दिलं त्यानं.

अशा माणसाने इथे माझ्या घरात काय पाहिलं असेल, याचा मी नंतर विचार केला. सकाळचे सव्वासात. डिसेंबर, शिकागोजवळचं आमचं उपनगर, बाहेर उजाडतंय न उजाडतंय. मी अंगात कोट घालूनच कांदा जाड चिरते आहे. स्लो कुकरच्या, म्हणजे मंद धगीवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात तळाला कांदा, गाजर, रताळ्याचे तुकडे, कारण कंदमुळांना या भांड्यात मांसापेक्षा जास्त वेळ लागतो आणि उष्णता तळाला आणि कडांना आधी मिळते. त्यावर दोन पौंड बिनहाडाच्या मांड्या, म्हणजे साधारण नऊशे ग्रॅम. एका वाडग्यात कमी मिठाचा सोया सॉस, मध, थोडं केचप, व्हिनेगर, ठेचलेला लसूण, आलं, लाल तिखट. ते ढवळून वर ओतलं, काचेचं झाकण ठेवलं, बटण 'लो'वर, टायमर पाच तासांचा. त्यानंतर ते यंत्र आपोआप नुसतं कोमट ठेवण्यावर येतं. पाणी एक थेंब नाही. मग बूट चढवले आणि म्हटलं, "आबा, दुपारी पोळी-भाजी गरम करून घ्या. याला हात लावू नका." आणि गेले. सगळ्या प्रकरणाला मोजून वीसेक मिनिटं लागली असतील. आबा चहाचा कप हातात धरून बघत होते.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन. "बाळ, हे शिजालंय काय नुसतंच बसलंय?"

"शिजतंय आबा."

"आवाज न्हाई. वाफ न्हाई. झाकण उघडून बघितलं तर नुसतं घामेजलंय."

झाकण उघडू नका, असं मी पुन्हा सांगितलं. एकदा उघडलं की कोंडलेली वाफ जाते आणि पंधरा-वीस मिनिटांचं शिजणं वाया जातं. ते "बरं बरं" म्हणाले. संध्याकाळी घरी आले तेव्हा भांड्याजवळ एक पळी आणि एक बशी वाळत ठेवलेली होती. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. कोंबडीचं तापमान बघायला मी तिच्यात थर्मामीटर खुपसला (इथे चौऱ्याहत्तर अंश सेल्सियसचा नियम सगळे पाळतात, मीही पाळते) तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. "ताप बघालीस काय तिचा?"

त्या संध्याकाळचा हा एवढाच शेरा. जेवताना बाकी सगळं चांगलं होतं.

खरं सांगायचं तर मला ती कोंबडी आवडते. आधी आवडत नव्हती, मग सोय म्हणून करू लागले, मग कधी तरी आवडू लागली. इथे हिवाळ्यात साडेचारच्या आत सूर्य मावळतो. आपण अंधारात निघतो आणि अंधारात परत येतो. गॅरेजचं दार वर जातं, आतलं दार उघडतं आणि थंडीने बधिर झालेल्या नाकाला आधी लसूण कळतो, मग करपायच्या अलीकडे थांबलेली साखर, मग सोयाचा तो खारट, जरा आंबूस, जुन्या लाकडासारखा वास. घरात दिवसभर कोणी नसतं, तरी कोणी तरी असल्याचा वास येतो. पहिल्या हिवाळ्यात त्या वासाने मला चक्क रडू आलं होतं, आणि रडताना रागही आला होता, कारण वाट बघणारं कोणी नव्हतं, दोनशेचाळीस वॅटचं भांडं होतं. आता रडू येत नाही. आता मी झाकण काढते, वाटीभर रस पातेलीत घेते, कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून त्यात घालते आणि तो आटवून चकचकीत झाला की परत कोंबडीवर ओतते. वर तीळ आणि कांद्याची पात. मांडीचं मांस काट्याने नुसतं ढकललं तरी सुटतं. छातीचं मांस या भांड्यात घालू नये, ते भुसा होतं. मांडीत चिकट पेशीजाल असतं, ते सत्तर अंशांच्या पुढे तासन्‌तास राहिलं की विरघळून रसात उतरतं आणि ओठाला ओठ चिकटतो. नळीसाठी खाटकाशी भांडणाऱ्या आबांना हे विज्ञानाशिवाय माहीत आहे.

पण तर्री नाही, हे मान्य. मसाला तेल सुटेपर्यंत परतायचा तर त्यातलं पाणी उडून जायला हवं आणि इथे झाकणाखालून पाण्याचा कण बाहेर पडत नाही. उलट कोंबडीचं, कांद्याचं पाणी सुटून रस वाढतच जातो. हे भांडं परतू शकत नाही, खरपूस करू शकत नाही. ते फक्त थांबू शकतं. आणि आमच्याकडची चव अर्धी परतण्यात आहे. पण परतायचं म्हटलं की इथे छतावरचा स्मोक अलार्म आहे. सुकी मिरची तव्यावर पडली की तो असा किंचाळतो की शेजारची म्हातारी दारात येते. खिडक्या हिवाळाभर बंद, फोडणीचा वास कोटात मुरतो आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये आपल्या आधी पोचतो. स्लो कुकरच्या प्रेमात पडण्यामागे हेही एक कारण होतं आणि ते मला फारसं अभिमानास्पद वाटत नाही.

गोडाचं काय? मटणात गोड म्हटलं की कोल्हापूरकर पुण्याकडे बोट दाखवतो. आमटीत गुळाचा खडा टाकणाऱ्या लोकांचा काय भरवसा! पण पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध असतं, काजू असतात, ते काय तिखट असतात? मुंबईत पारशांच्या घरी जर्दाळू घातलेलं मटण असतं आणि त्यावर बटाट्याची सल्ली, ते खाऊन आलेला आमचा मामा महिनाभर तेच सांगत होता. इथल्या लोकांना तर मांसाबरोबर गोड नसलं तर चुकल्यासारखं होतं. टर्कीबरोबर क्रॅनबेरी, हॅमवर अननस. आमच्या ऑफिसच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, भिंतीकडेने सात-आठ स्लो कुकर ओळीने लावलेले असतात, एकाच्या वायरीत दुसऱ्याची वायर, आणि त्यातल्या एकात हमखास द्राक्षाच्या जेलीतले मीटबॉल. पहिल्यांदा नाव ऐकून मी पुढे सरकले होते. आता दोन जास्तच घेते. मध-लसणाची कोंबडीही मला तिथेच भेटली. करणारी बाई विस्कॉन्सिनची, कागदाच्या चिटोऱ्यावर कृती लिहून देताना म्हणाली होती, यात काही चुकूच शकत नाही. आबांच्या दृष्टीने त्या पदार्थाचा दोष हाच असावा.

मग एका शनिवारी आम्ही शिकागोतल्या डेव्हन अव्हेन्यूला, आपल्या लोकांच्या बाजाराला, गेलो. हिवाळ्यात येणारे वडील विरळाच, सगळ्यांचे उन्हाळ्यात येतात. आबांना बर्फ बघायचा होता. तो बघून झाला होता आणि आता त्यांना माणसं बघायची होती. डेव्हनवर ती आहेत. १९७४ मध्ये पटेल ब्रदर्सचं पहिलं किराणा दुकान इथेच निघालं, तेव्हापासून तूरडाळीसाठी, कढीपत्त्यासाठी तीन पिढ्या इथे येताहेत. या रस्त्याच्या एका तुकड्याला गांधी मार्ग असं मानाचं नाव आहे आणि पश्चिमेकडच्या एका तुकड्याला इस्रायलच्या माजी पंतप्रधान गोल्डा मेयर यांचं. आमच्या लोकांच्या आधी इथे ज्यूंची दुकानं होती, आणि पुढच्या गल्ल्यांत आजही त्यांची वस्ती आहे. शनिवार होता, म्हणून काळे कोट घातलेली कुटुंबं बर्फ चुकवत चालत प्रार्थनेहून परतत होती, अगदी लहान मुलंसुद्धा. आबा विचारायला लागले, एवढ्या थंडीत गाडी का नाही घेतली यांनी? तेव्हा मी त्यांना आमच्या भांड्याची गोष्ट सांगितली, कारण ती त्याच शनिवारातून आलेली आहे.

आयर्विंग नॅक्सन नावाचा शिकागोतला एक ज्यू संशोधक. त्याची आई मूळची लिथुएनियाची. शनिवार म्हणजे शब्बाथ, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून विस्तव पेटवायचा नाही, शिजवायचं नाही. म्हणून तिच्या लहानपणी घरोघरची पोरं शुक्रवारी दिवस मावळायच्या आत भांडी घेऊन गावच्या बेकरीत जायची. मांस, घेवडा, बार्ली, बटाटे, त्याला चोलेंट म्हणतात. भट्टी विझलेली, पण धग भरपूर. त्या धगीवर रात्रभर भांडं राहायचं आणि दुसऱ्या दिवशी गरम जेवण मिळायचं. आईकडून ऐकलेल्या या गोष्टीवरून नॅक्सनने भोवती तापणारी तार गुंडाळलेलं विजेचं भांडं बनवलं. १९४० मध्ये पेटंट मिळालं. नाव होतं नॅक्सन बीनरी, घेवडा शिजवायचं यंत्र. (जाता जाता, राजमा मात्र यात कच्चा टाकू नये, आधी खळखळून उकळावा लागतो, मंद धगीने त्यातलं विष जात नाही.) १९७० मध्ये कॅन्सस सिटीच्या रायव्हल कंपनीने नॅक्सनचा धंदा विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी ते भांडं क्रॉक-पॉट म्हणून बाजारात आलं. अमेरिकेतल्या बायका तेव्हा लाखांनी नोकऱ्यांना लागल्या होत्या. दिवसभर तुम्ही बाहेर, स्वयंपाक घरात आपला आपला होतोय, असं जाहिराती सांगायच्या. देवासाठी पाळलेली सुट्टी अशी नोकरीच्या कामी आली.

आबांना त्यातलं एकच खटकलं. "शनिवारी मधनं ढवळायचं तरी?"

"नाही. विस्तवावरचं ढवळणं म्हणजे शिजवणंच, ते पण चालत नाही. शुक्रवारी एकदा ठेवलं की ठेवलं."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लई अवघड हाय की." कोट घातलेल्या एका आजोबांकडे त्यांनी जरा आदराने पाहिलं. "पण शनिवार पाळत्यात हे बरं. आमचाबी मारुतीचा शनिवार."

आबांच्या हिशेबात न बघता शिजवणं म्हणजे बेफिकिरी. आणि इथे तर न बघणं हाच नेम होता, हात आवरून बसणं हीच भक्ती. मी स्वतः यातली कुठली? सकाळी सव्वासातला भांडं लावून पळणारी बाई नेमाची नसते, घाईची असते. पण दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसलेली असताना अधूनमधून मला ते भांडं आठवतं, आता रताळं मऊ पडलं असेल, आता मध पातळ होऊन खाली उतरला असेल. चुलीपाशी उभं न राहताही माणूस थोडा तिथे असतो. हे आबांना पटेल असं मला वाटत नाही, म्हणून मी बोलले नाही.

परत येताना गाडीत हीटर लावला आणि विचारून टाकलं. "आबा, परवाचं चिकन खरंच आवडलं होतं?"

"चांगलं होतं की."

"गोड नाही लागलं?"

गाडी सिग्नलला उभी होती. वायपर बर्फाची भुकटी बाजूला सारत होते. "गोड मिट्ट होतं," ते म्हणाले.

"मग बोलला का नाही?"

"सवय मोडली बघ." आणि मग ते डब्याबद्दल बोलायला लागले. आई गेल्यावर त्यांनी गल्लीतल्याच एका बाईंचा डबा लावला, हे मला माहीत होतं. दर रविवारी फोनवर मी विचारायची, डबा कसा आहे, आणि ते सांगायचे, चांगला आहे. त्या दिवशी कळलं की आमटीत मीठ जास्त असतं. रोज असतं. भाजीला तेल कमी, चपात्या वातड. "मग सांगायचं ना त्यांना." "काय सांगायचं? बिचारी चाळीस डबं करती. आणि सांगितलं आणि तिनं डबाच बंद केला म्हंजे?" ते हसले. "डबा पुसून परत द्यायचा. दारात पोरगं विचारतंय, काका कसं होतं? चांगलं होतं म्हणायचं. दुसरं कुणाला काय म्हणायचं?"

मी काही बोलले नाही. रस्ता निसरडा होता, गाडीकडे लक्ष देणं भाग होतं.

आबांच्या बॅगेत दोन टॉवेलांत आणि एका धोतरात गुंडाळलेली काकवीची बाटली आली होती. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शेवटच्या गुऱ्हाळातली. एके काळी पंचगंगेच्या काठाने हंगामात रात्री बघावं तर चुलवणांचे जाळ दिसायचे, आता ऊस सरळ कारखान्याला जातो, गूळ रांधणारा गुळव्या मिळत नाही आणि गडी तर त्याहून नाही. आबांच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं. लहानपणी थंडीत तिथे चिपाडाच्या ढिगावर ते झोपायचे. काहिलीत रस पडला की खालून जाळव्या वाळकी चिपाडं सारत राहणार, वर मळी आली की रानभेंडीचं पाणी टाकून ती तोडायची, आणि गुळव्या काहिलीच्या काठाशी उभा. त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. काकवी १०५ अंशांच्या आसपास उतरते, ढेपेचा गूळ ११८ च्या पुढेमागे, आणि मधल्या त्या तेरा अंशांत सगळा खेळ. त्याच्याजवळ थर्मामीटर नव्हता. गार पाण्यात थेंब सोडायचा आणि बोटाने गोळी वळते का ते बघायचं. क्षणभर मान वळली आणि आदण लागलं, तर अख्खी काहील काळी. आबा सांगतात की एकदा गुळव्याचा भाऊ गेल्याचा निरोप आला तर तो आदण उतरेपर्यंत जागचा हलला नाही, मग रडला. हे खरं असेल किंवा शिक्षकाने जुळवलेलं असेल. पण आबा चुलीपाशी का उभे राहायचे ते मला ही गोष्ट ऐकल्यावर जास्त कळलं.

रविवारी मी बाटली काढली आणि म्हटलं, मधाऐवजी ही घालूया. तशीही मध तापवला की आजी ओरडायची, तापलेला मध विष म्हणून. निदान तिचा आत्मा शांत होईल.

"काकवी? कोंबडीत?"

"नाही तर काय, भाकरीबरोबर संपेपर्यंत तुम्ही परत गेलेले असाल."

त्यांनी अट घातली, कांदा ते परतणार. मी खिडकी उघडली, बाहेर उणे आठ, पंखा पूर्ण जोरात, धाकटा खुर्चीवर उभा राहून अलार्मखाली वर्तमानपत्र हलवतो आहे. आबांनी कांदा तांबूस होईपर्यंत परतला, मांड्यांना दोन्ही बाजूंनी चटका दिला, बॅगेतून आणलेली कांदा-लसूण चटणी दोन चमचे घातली आणि तेल सुटल्यावर सगळं माझ्या भांड्यात ओतलं. अलार्म वाजला. शेजारची आजी दारात आली, तिला आत बोलावलं. वरून मी सोया सॉस घालायला गेले तर आबांनी हात धरला, निम्माच घालू दिला. व्हिनेगरऐवजी चिंचेचा कोळ. काकवी मात्र मी घातली, ती त्यांनी बघितली नाही, मुद्दाम तोंड फिरवलं. झाकण लावल्यावर त्यांनी स्टूल ओढून ओट्याशी मांडलं आणि वर्तमानपत्र घेऊन बसले. चार तास. एकदाही झाकण उघडलं नाही, पण उठलेही नाहीत.

दुपारी ताटं मांडली. रस्सा तपकिरी, दाट, वर लालसर तेलाचे चार-दोन डोळे. तर्री म्हणवत नाही, पण कुठे तरी तिच्या गावाकडचं. आधी चटणीचा झणका येतो, तो जीभ पोळून खाली जातो आणि मागून काकवी येते, उसाच्या रसाला लागलेल्या धुरासकट. ती मधासारखी वर तरंगत नाही, खाली बसते. मला ती चव कुठे ठेवायची ते कळेना, कोल्हापुरात की इथे. धाकट्याने डोळ्यांतलं पाणी पुसत दुसऱ्यांदा वाढून घेतलं. शेजारच्या आजीने कृती विचारली आणि नवऱ्याने काकवीसाठी 'मोलॅसिस' सांगून वेळ मारून नेली, ते अर्धसत्य आहे.

आबा म्हणाले, "काकवी निम्मी घालायची हुती. चिंच कोवळी हाय. आणि रताळं कशाला घातलंयस ह्यात, उपास हाय काय कुणाचा?"

"पुढच्या वेळी तुमचं तुम्ही करा," मी म्हटलं.

एप्रिलमध्ये ते परत गेले. जाताना ते भांडं न्यावं असा एक विचार त्यांच्या मनात आला होता. इथली वीज ११० ते १२० व्होल्टची, तिकडे २३०, भांडं पहिल्याच दिवशी जळेल, हे सांगितल्यावर त्यांनी तो नाद सोडला. शिवाय सलग आठ तास वीज मिळाली तर ना, असंही म्हणाले. परवा रविवारी फोन लावला तर आधी तब्येतीचं विचारू दिलं नाही.

"त्या डब्यावाल्या बाईला सांगितलं मी. म्हटलं, बाई, आमटीत मीठ जरा कमी घाल."

"मग?"

"मग काय! आठवडा झाला, नुसतं अळणी देती. काल पोराला विचारलं तर म्हणतंय, काका, तुम्हीच सांगितलंवतं की. आणि भाजी! भाजीचं तर बोलूच नको. दुधी हाय का काकडी तेच कळत न्हाई. परवा तर..."

मी फोन स्पीकरवर टाकला आणि कांदा चिरायला घेतला. ते अजून चपात्यांवर यायचे होते.